पीओआर-१५ : १९७०च्या शेव्हेलवर वापरलेले गंजरोधक लेपन

मिशिगनमध्ये जुनी अमेरिकन गाडी घरच्या गॅरेजात पुन्हा उभी करायला घेतली, की इंजिनाच्या आधी गंजाशी गाठ पडते. डेट्रॉईट शहराच्या खाली हजार फुटांहून अधिक खोलीवर मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरण्याची इथली रीत इतकी सढळ आहे, की पन्नास वर्षांपूर्वीची गाडी इथेच वापरली गेली असेल तर तिच्या पोटाखालचा पत्रा शाबूत असणे हाच अपवाद समजावा. गंजावर थेट लावता येणाऱ्या लेपनांमध्ये ‘पीओआर-१५’ हे नाव या छंदातल्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. माझ्या शेव्हरोलेच्या १९७०च्या शेव्हेल मालिबू गाडीच्या फ्रेमवर (म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर), पुढच्या सस्पेन्शनच्या भागांवर आणि फ्लोअरच्या खालच्या बाजूला ते वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की माल उत्तम आहे. मात्र ‘गंजावरूनच रंगवा, खरवडायची गरज नाही’ ही जी समजूत त्याच्या नावावर खपते, तिच्यामुळे गाड्यांचे नुकसान होते.

गाडीविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण लेपन कुठे लावायचे हे बांधणीवरून ठरते. शेव्हेल ही जनरल मोटर्सच्या मध्यम आकाराच्या ‘ए-बॉडी’ गाड्यांपैकी एक. या गाड्यांमध्ये ४०० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, हा स्वतःचाच नियम कंपनीने १९७०च्या मॉडेलांपासून मागे घेतला आणि ‘एसएस’ (सुपर स्पोर्ट) या जोरदार शेव्हेलमध्ये ४५४ घन इंचांचे, म्हणजे जवळजवळ साडेसात लिटरचे, इंजिन आले. त्या इंजिनाच्या ‘एलएस-६’ या प्रकाराची नोंद ४५० अश्वशक्तीची आहे. माझी गाडी ती नव्हे. माझी ३५० घन इंचांची साधी मालिबू आहे आणि तिला मसल कार (मोठ्या इंजिनाची दमदार गाडी) म्हटल्यावर कट्टर मंडळी नाक मुरडतात. त्यांनी खुशाल मुरडावे. त्या वर्षी एसएस हे ऑप्शन पॅकेज असल्यामुळे गाडीच्या क्रमांकावरून ते ओळखता येत नाही, आणि नंतर एसएसचे बिल्ले चिकटवलेल्या मालिबू बाजारात इतक्या आहेत, की मालिबूला मालिबूच राहू देण्यात मला कमीपणा वाटत नाही. (आपली गाडी मुळात काय होती हे शोधायचे असेल, तर कारखान्याचे बिल्ड शीट (गाडीवर काय काय बसवायचे याची यादी) कधीकधी पेट्रोलच्या टाकीच्या वर अडकलेले सापडते. डिग्रीझरचा (ग्रीस काढणाऱ्या द्रावणाचा) फवारा मारण्याआधी टाकी उतरवून तिथे नीट पाहावे.) लेपनाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की या गाडीची बॉडी स्वतंत्र फ्रेमवर रबरी बुश घालून बोल्टने बसवलेली असते. कूपेच्या फ्रेमच्या बाजूच्या पट्ट्या बऱ्याच अंशी ‘सी’ आकाराच्या, उघड्या असल्यामुळे तिथे ब्रश आतपर्यंत पोहोचतो. मागच्या ॲक्सलवरून उचलून नेलेला भाग मात्र चारही बाजूंनी बंद असतो, आणि चिखल व मीठ नेमके तिथेच साचते.

पीओआर-१५ हा नेहमीच्या अर्थाने रंग नव्हे. नेहमीचा रंग थिनर उडून गेला की वाळतो. हे लेपन हवेतल्या बाष्पाशी क्रिया होऊन कडक होते. त्यातल्या आयसोसायनेट या रसायनाचा पाण्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मागे दाट, टणक आणि पाणी आत न सोडणारा थर उरतो. त्याचे सगळे गुण आणि सगळे नखरे यातूनच निघतात. घाईने जाड हात मारला, तर वरची साय आधी धरते आणि आतून निघणारा वायू तिच्यात अडकून फोड किंवा सुईच्या टोकाएवढी छिद्रे पाडतो. म्हणून पातळ दोन हात हा त्याचा नियम आहे. दमट हवेत ते लवकर वाळते आणि कोरड्या थंडीत रेंगाळते. रंगकामाची सवय असलेल्या माणसाला हे उलटे वाटते. मुंबई किंवा गोव्यात कोणी हे वापरत असेल, तर पावसाळ्यात डबा उघडल्यावर हाताशी किती कमी वेळ उरतो याचा अंदाज त्याने आधीच घेतलेला बरा.

बाष्प हवे, पण ते हवेत, पत्र्यावर नव्हे. मिशिगनच्या एप्रिलमध्ये हा फरक चांगला कळतो. रात्रभर गारठलेल्या जाड फ्रेमवर दुपारची उबदार हवा आली, की लोखंडावर ओलाव्याचा इतका पातळ पापुद्रा धरतो, की तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र जाणवतो. त्या अवस्थेत लेपन लावले तर ते खालच्या पाण्याशीच क्रिया करत बसते आणि धातूला धरत नाही. गॅरेज गरम करून भागत नाही; लोखंड गरम व्हावे लागते, आणि त्याला हवेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

कंपनी हे काम तीन टप्प्यांत सांगते: आधी पाण्यात मिसळायचे डिग्रीझर, मग ‘मेटल प्रेप’ आणि शेवटी लेपन. पहिले दोन टप्पे म्हणजे गिऱ्हाइकाला आणखी दोन बाटल्या विकण्याची युक्ती, असे पुष्कळजण मानतात. माझ्या मते पैसे खरे तर तिथेच वसूल होतात. पन्नास वर्षांचे ग्रीस, जुना अंडरकोट (गाडीच्या पोटाला लावलेला संरक्षक थर) आणि गिअरबॉक्समधून झिरपलेले तेल फ्रेमवर इतके मुरलेले असते, की तारेच्या ब्रशाने ते निघत नाही, उलट पसरते. मेटल प्रेप हे फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण आहे. ते लोखंडावर जस्ताच्या फॉस्फेटचा खरखरीत, राखाडी थर सोडते आणि लेपनाला पकड मिळते ती या थरामुळे. त्यासाठी पृष्ठभाग काही काळ ओला ठेवावा लागतो. फ्रेमच्या उभ्या बाजूवरून द्रावण ओघळून जाते, म्हणून पुन्हा पुन्हा फवारत राहावे लागते. मग पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचे. हे काम कंटाळवाणे आहे, गुडघे आणि मान दोन्ही भरून येतात, आणि दिवसाच्या शेवटी दाखवायला राखाडी लोखंडाशिवाय काही नसते.

हे टप्पे टाळले तर काय होते, हे माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने मला शिकवले. त्याने कोणत्या तरी कंपनीचे असेच काळे, चकचकीत लेपन ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर आणि डिकीच्या तळाला फासून ठेवले होते. वरून पाहणाऱ्याला फ्लोअर नवा वाटावा. स्क्रूड्रायव्हरचे टोक हलके टेकवले तर ते सरळ खाली निघाले; छिद्रांवर फायबरग्लासची जाळी अंथरून वर काळा हात मारलेला होता. डिकीतले लेपन नखाने उचलल्यावर तळहाताएवढ्या पापुद्र्यांनी सुटत गेले. या पापुद्र्यांची पाठ पाहावी, असे मी आवर्जून सांगेन. एका जागी पाठीवर तपकिरी खपल्यांचा जाड थर चिकटून आलेला होता. म्हणजे लेपनाने गंज घट्ट धरला होता, पण गंजानेच खालचे लोखंड सोडले होते. तिथे खपल्या खरवडायला हव्या होत्या. दुसऱ्या जागी, जिथे पूर्वी कोणीतरी नवा पत्रा जोडला होता, तिथल्या पापुद्र्याची पाठ आरशासारखी स्वच्छ निघाली. तिथे धातू इतका गुळगुळीत होता, की लेपनाला धरायला काही मिळालेच नव्हते. दोन्ही ठिकाणी वरून चकाकी सारखीच होती.

तेव्हा गंजावर लावायचे, याचा अर्थ घट्ट बसलेल्या, खरखरीत, खपल्या काढून टाकलेल्या गंजावर. त्या स्थितीतल्या लोखंडावर पीओआर-१५ची पकड खरोखरच विलक्षण आहे. फ्रेमवर हात मारताना उरलेल्या थेंबांत मी एक भंगार ब्रॅकेट रंगवून ठेवले होते. पुरते कडक झाल्यावर ते व्हाइसमध्ये धरून वाकवले आणि वाकलेल्या जागी हातोडी मारली. पत्रा दुमडला, पण लेपनाला तडा गेला नाही. पुढच्या चाकांमागे, जिथे खडी सतत आपटते, तिथेही फ्रेमवर टवका उडालेला नाही. चासीसाठी मिळणाऱ्या साध्या काळ्या स्प्रे रंगांबद्दल मी असे म्हणू शकणार नाही.

लावण्याचे तंत्र सोपे आहे, वेळेचे गणित मात्र नाजूक. पहिला हात ‘बोट लावल्यावर किंचित ओढल्यासारखे वाटते, पण काळे लागत नाही’ इतका वाळला, की दुसरा मारायचा. ती वेळ चुकली आणि पहिला हात पुरता कडक झाला, तर त्यावर दुसरे काहीच धरत नाही आणि सगळी फ्रेम पॉलिश पेपरने घासण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्यामुळे एका बैठकीत जेवढे पुरे होईल तेवढाच भाग हाती घ्यावा. ब्रशच्या रेषा आपोआप मिटतात आणि साध्या ब्रशनेही स्प्रे मारल्यासारखा पोत येतो, ही घरी काम करणाऱ्यासाठी मोठी सोय आहे. ब्रश मात्र स्वस्तातलाच घ्यावा, कारण तो नंतर फेकूनच द्यायचा असतो.

डब्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. झाकणाच्या खाचेत लेपन राहिले, तर पुढच्या वेळी ते झाकण उघडत नाही. पत्रा कापावा लागतो. डब्यातून थेट ब्रश बुडवून घेतला, तर हवेतला दमटपणा आणि ब्रशवरचा कचरा आत जाऊन उरलेला मालही आतल्या आत घट्ट होऊ लागतो. हवे तेवढे वाटीत ओतून घ्यावे, वाटीतले उरलेले पुन्हा डब्यात टाकू नये, खाच पुसून काढावी आणि झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालावा. हे सगळे करूनही उघडलेला डबा फार दिवस टिकेल, असा भरवसा धरू नये. कातडीवर पडलेला थेंब वाळला, तर तो साबणाने जात नाही की थिनरने. कातडीबरोबर झडेपर्यंत अंगावर राहतो. कोपरापर्यंत झाकणारे हातमोजे घालावेत, आणि गाडीखाली उताणे पडून काम करायचे असेल तर कपाळ आणि चष्माही झाकावा.

याहून गंभीर बाब श्वासाची. आयसोसायनेटमुळे श्वसनमार्ग संवेदनशील होऊन दमा जडू शकतो आणि एकदा तो जडला, की पुढे अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. सेंद्रिय वाफा अडवणारी कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर हवा. घरच्या गॅरेजात हे लेपन स्प्रे गनने मारू नये, कारण त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारी यंत्रणा लागते. शिवाय अमेरिकेतल्या पुष्कळ घरांत पाणी तापवण्याचा गॅसचा बंब गॅरेजातच असतो. काम सुरू करण्याआधी त्याची ज्योत विझवून दार उघडे ठेवावे. छंदाच्या भरात ही गोष्ट सर्रास विसरली जाते.

आता मर्यादा. उन्हापुढे हे लेपन टिकत नाही. अतिनील किरणांनी काळा रंग फिका पडून खडूसारखा होतो. गाडीच्या पोटाखाली त्याने बिघडत नाही, पण बंपरचे ब्रॅकेट किंवा चाकाच्या कमानीजवळची दिसणारी कड यांवर वरून दुसरा रंग द्यावाच लागतो. त्याची चकाकीही मूळ गाडीला शोभणारी नाही. कारखान्यातून आलेली फ्रेम इतकी तुकतुकीत कधीच नव्हती, आणि मूळ स्वरूपाला गुण देणाऱ्या स्पर्धेत गाडी उतरवायची असेल, तर वरून कमी चकाकीचा काळा हात मारणे आवश्यक आहे. वेल्डिंग करायच्या जागी ते आधी लावू नये. तापल्यावर ते जळते, विषारी धूर सोडते आणि वेल्डच्या आजूबाजूचे लोखंड उघडे पडते. आधी कापणे, जोडणे, घासणे आणि मग लेपन, हाच क्रम. बंद फ्रेमच्या आत ब्रश जात नाही, म्हणून तिथे लांब नळी आणि चहूबाजूंनी फवारणारे तोंड असलेले वेगळे लेपन घ्यावे. ईस्टवूड कंपनीचे या कामासाठीचे लेपन मिळते.

नव्या पत्र्यासाठीही मी पीओआर-१५ सुचवणार नाही. फ्लोअरचे नवे पॅनल किंवा सँडब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने) पांढरेशुभ्र केलेले लोखंड असेल, तर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर अधिक योग्य, कारण त्यावर सीम सीलर (सांधे बुजवणारा लेप), लांबी आणि अंतिम रंग हे सगळे बिनतक्रार बसते. दरवाजे, फेंडर, बॉनेट यांच्या बाहेरच्या बाजूला तर गंजावरचे कोणतेही लेपन वापरूच नये. तिथे लोखंड स्वच्छ करावे किंवा पत्रा बदलावा. बोल्ट, बिजागऱ्या, हुडचा लॅच असे छोटे भाग असतील, तर इव्हापो-रस्टसारख्या द्रावणात ते रात्रभर बुडवून ठेवणे कितीतरी सुटसुटीत. आम्ल नसल्यामुळे चांगला धातू खाल्ला जात नाही आणि बिजागरीच्या आतला गंजही निघतो. बॉडी उचलून फ्रेम वेगळी करण्याची सोय आणि ऐपत असेल, तर ती ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगला (रंगाची भुकटी भट्टीत भाजून बसवायला) पाठवणे हा आणखी वेगळा मार्ग आहे. पीओआर-१५ त्याच्याशी स्पर्धा करत नाही. ते आहे जॅक स्टँडवर उचललेल्या गाडीखाली, बॉडी जागेवर ठेवून काम करणाऱ्यासाठी.

त्या माणसाने एक क्वार्टचा (लिटरहून किंचित कमी) मोठा डबा घेऊ नये. लिटरमागे तो स्वस्त पडतो हे खरे, पण एका वेळी फ्रेमची एक बाजू एवढेच काम होते आणि उरलेला माल डब्यात घट्ट होतो. लहान डबे थोडे महाग पडले तरी दर वेळी ताजे निघतात. पहिल्यांदा वापरणाऱ्याने तिन्ही टप्प्यांचे थोडे थोडे साहित्य असलेला कंपनीचा स्टार्टर संच घ्यावा आणि मागच्या सस्पेन्शनचा एखादा आर्म सोडवून बाकावर ठेवून त्यावर हात बसवावा. तो बरा निघाला, तरच गाडीखाली शिरावे.