सेनापती आहे, शिपाई आहे, हवालदार कुठाय?

पुतण्याने लॅपटॉपवर हा युद्धाचा खेळ टाकून दिला. म्हणाला, "काका, तुम्ही खरं केलंय, बघा जमतंय का." फौजेत २४ वर्षं काढून हवालदार म्हणून बाहेर पडलो, म्हणून महिनाभर रोज तासभर बसलो.

चित्रं झकास. चिखलात गाडी रुतते, गोळ्या मोजून मिळतात. पण प्लाटूनचा अधिकारी पडला की उरलेले तीसेक जण पुतळे होतात, पुढची चाल येईपर्यंत गोळीबारसुद्धा बंद. अरे, मग प्लाटून हवालदार कशाला असतो? साहेब पडले तर त्याच क्षणी आवाज त्याचा यायचा असतो. सेक्शनचे नऊ जण पडले तर उरलेला दहावा हा खेळ आपोआप पळवून लावतो. यशवंत घाडगे नायक होते, म्हणजे हवालदाराच्या एक हुद्दा खाली, सेक्शन कमांडर. १९४४ साली इटलीत त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर.

सगळ्यात राग आला तो मनोबलाच्या हिरव्या पट्टीचा. कळ दाबली, तुतारी वाजली, पट्टी भरली! आमच्याकडे लांबच्या मार्चनंतर मी टॉर्च घेऊन पोरांचे पाय बघत फिरायचो. फोड लपवणारा एकजण असतोच, आणि सकाळी तोच मागे पडतो. कोणाला घरून पत्र आलं नाही, कोण जेवला नाही, हे मला ठाऊक असायचं. नवे लेफ्टनंट साहेब विचारायचे, "हवालदार, पहाटेपर्यंत जमेल?" मी 'नाही' म्हटलं तर बहुतेक वेळा हुकूम बदलायचा.

मेलेला हवालदार इथे ४० गुणांत परत मिळतो. हे तर कहरच. खरा हवालदार घडायला दहा-पंधरा वर्षं जातात. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांना व्हर्सायच्या तहाने फक्त १,००,००० ची फौज ठेवू दिली, तर त्यांनी असलेल्या माणसांना वरच्या हुद्द्याचं काम शिकवून ठेवलं. पुढे भरती वाढली तेव्हा ही घडवलेली माणसं हाताशी होती.

आवाज, नकाशे, शिकवणीचा भाग ठीक. पाचपैकी अडीच तारे.

आता मी फक्त रोमन मोहीम खेळतो. तिथे तुकडीच्या मागच्या बाजूला हातात लांब काठी घेतलेला एक ऑप्टिओ काढलाय. सेंच्युरियनच्या, म्हणजे तुकडीच्या प्रमुखाच्या, हाताखालचा हा माणूस रांग मोडू देत नसे, मागे सरकणाऱ्याला काठीने पुढे ढकलायचा. खेळात त्याला ना कळ, ना हुकूम. चित्रकाराला माहीत होता, नियम लिहिणाऱ्याला नव्हता. लढाई सुरू झाली की मी कॅमेरा त्याच्या खांद्यामागे नेऊन ठेवतो. पुतण्या म्हणतो, "काका, तिथून काही दिसत नाही." मला दिसतं.