आगीत फुगणारा रंग: पोलादी सांगाड्यावरचा इंट्युमेसंट लेप

डब्यावर ‘इंट्युमेसंट’ लिहिलेलं असतं आणि घेणारा ते ‘फायरप्रूफ’ असं वाचतो. घोळ इथेच सुरू होतो. ‘इंट्युमेस’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ फुगणं, सुजणं. मूळ लॅटिनमध्ये ‘तुमेरे’ म्हणजे सुजणं. त्याला ‘-एस्केरे’ लागलं की क्रिया ‘होऊ लागते’. ट्यूमर याच घराण्यातला, आणि आपल्या ‘तुमुल’चं नातंही अभ्यासक तिथवर नेतात. हा रंग तापला की फुगू लागतो आणि पोलादाला वेळ मिळवून देतो, त्याचं काम एवढंच. पण ते तो चोख करतो.

साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे बाइंडर, म्हणजे रंग बांधून ठेवणारा घटक, मऊ पडतो. अमोनियम पॉलिफॉस्फेटमधून आम्ल सुटतं, ते पेंटाएरिथ्रिटॉलचा कोळसा करतं, मेलामाइनमधून निघालेला वायू तो कोळसा फुगवतो. मिलिमीटरभराच्या थराचा काही सेंटिमीटर जाड सच्छिद्र फेस होतो. पोलाद 550 अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतं. तिथवर पोहोचायला त्याला 30, 60, कधी 120 मिनिटं लागावीत, हा सगळा खटाटोप त्यासाठी.

सर्वात जास्त चुका जाडीत होतात. अख्ख्या सांगाड्याला एकच जाडी लावणं साफ चूक. आधी सेक्शन फॅक्टर काढायचा: आगीला उघडा परिघ भागिले छेदाचं क्षेत्रफळ. दोन्ही बाजूंनी उघडी 10 मिमी पट्टी घेतली तर तो दर मीटरला 200 येतो, 20 मिमीला 100. म्हणजे बारीक ब्रेसिंग (सांगाड्याचे तिरपे आधार) जाड कॉलमपेक्षा लवकर तापतं आणि त्यालाच जास्त लेप लागतो. साइटवर नेमकं उलट होताना दिसतं. नेमके मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) उत्पादकाच्या चाचणी-तक्त्यातूनच घ्यावेत, दुसऱ्या कंपनीचा तक्ता चालत नाही.

ओली आणि सुकी जाडी वेगळी, हेही धरून चला. घन भाग 70 टक्के असेल तर 700 मायक्रॉन सुक्या थराला 1000 मायक्रॉन ओला थर लागतो, म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, नासाडी वेगळी. हे एका हातात उरकलं तर रंग ओघळतो, वरची साय सुकते आणि आत ओल राहून भेगा पडतात. दोन-तीन हात द्यावेत, प्रत्येक हाताला ओल्या थराची जाडी मोजणारा गेज लावावा. फ्लँजच्या, म्हणजे तुळईच्या वरखालच्या सपाट पट्ट्यांच्या, कडांवर रंग मागे सरकून थर पातळ होतो. तिथे ब्रशने वेगळा हात द्यावाच.

पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश वर हवं. पॉलिफॉस्फेट पाणी ओढतं, त्यामुळे छप्पर पडण्याआधी मारलेल्या वॉटर-बेस्ड लेपाला पावसात फोड येतात आणि हा फॉस्फेटचा क्षार धुपून जातो. पृष्ठभाग वरून बरा दिसला तरी तो नीट फुगेल याचा भरवसा उरत नाही.

आमचं मत: घराच्या आत, उघड्या दिसणाऱ्या पोलादाला 60 मिनिटांपर्यंत याच्याइतका देखणा पर्याय नाही. बारीक सेक्शनला 120 मिनिटं हवी असतील तर फायर बोर्ड (आग अडवणारे फळे) बघा. तेल-वायूच्या आगीसाठी इपॉक्सी प्रकारच घ्यावा. आणि टॉपकोट, म्हणजे लेपावरचा शेवटचा रंग, उत्पादकाने मान्य केलेलाच, सांगितलेल्या जाडीतच मारावा. जाड, कडक टॉपकोट खालच्या लेपाला फुगूच देत नाही.