अक्कलदाढ काढल्यावर: पेज की तिजण?

अक्कलदाढ काढून माणूस घरी आला की गोव्यात चुलीवर आधी पेज चढते. तापाला, पोटाला पेज उत्तम. दाढेच्या जखमेला मात्र मी पहिली पसंती तिजणाला, म्हणजे नाचणीच्या गाळलेल्या रसाच्या गोड खिरीला देईन.

दाढ निघालेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि खालचं हाड झाकून ठेवते. ती अवेळी सुटली की दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. डॉक्टर त्यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. म्हणून खाणं कोमट किंवा गार हवं, चावायला लागू नये आणि त्याचे कण अडकू नयेत.

पेज नेमकी इथेच कमी पडते. उकड्या तांदळाची शितं कितीही शिजवली तरी अख्खी राहतात आणि खड्ड्यात जाऊन बसतात. पहिले 24 तास जोरात चूळ भरायची नसते, त्यामुळे ती काढताही येत नाहीत. पहिल्या दिवशी पेजेची फक्त वरची निवळ घ्या, मीठ घालून, कोमट. तोंडी लावायला लोणचं किंवा सुकी मासळी अजिबात नको. पण निवळीने पोट भरत नाही, आणि दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या रिकाम्या पोटी जळजळ करतात.

तिजणात ही अडचण नाही. नाचणी रात्रभर भिजवायची, वाटायची, फडक्यातून घट्ट पिळून रस काढायचा. त्यात गूळ, नारळाचा रस, चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर सारखं ढवळायचं. रंग गडद झाला, चकाकी आली आणि डावावरून सावकाश ओघळू लागलं की उतरवा. गाळलेलं असल्याने कण उरत नाही, गार झालं तरी चव जात नाही आणि पोटाला आधार राहतो. वर काजू पेरू नका. मधुमेह असेल तर गुळाऐवजी ताक घालून पातळ आंबील करा. प्रथिनं मात्र दोन्हींत बेताचीच. ती दह्यातून, आणि दुसऱ्या दिवसापासून मऊ अंड्यातून मिळवा.

आईस्क्रीम गारव्यापुरतं ठीक, तेही कपातलं, चमच्याने. सोलकढी आंबट, त्यात मिरची-लसूण. जखमेला झोंबते, आठवडाभर थांबा. शहाळं जरूर घ्या, पण गाडेवाला स्ट्रॉ खुपसायच्या आत पाणी पेल्यात ओतून मागा. ओढून पिताना तोंडात जी ओढ बसते तिने गुठळी सुटू शकते. सिगरेट आणि फेणीही बंद.

सूज साधारण तिसऱ्या दिवसानंतर उतरू लागते. उलट दुखणं वाढलं, तोंडाला घाण वास आला, तर खाण्यात बदल करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

सगळं ठीक असेल तर चौथ्या दिवशी मऊभातात उकडलेला इसवण (सुरमई) कुस्करून खायला हरकत नाही. काटे बोटांनी चाचपून काढा आणि घास दुसऱ्या बाजूने घ्या. तारले, बांगडे यांसारखे काटेरी मासे मात्र जखम भरेपर्यंत राहू देत.