डिंगीच्या काठाला भंगारातला दोर: फेंडर म्हणून कसा ठरतो?

मोठ्या बोटींवरून बाद झालेला जाड, तीनपेडी नायलॉनचा दोर डिंगीच्या, म्हणजे छोट्या होडीच्या, काठाला फेंडर (धक्के झेलणारी गादी) म्हणून लावून वापरल्यानंतर माझे स्पष्ट मत झाले आहे की, पारख आणि बांधणी नीट असेल तर विकतच्या रबरी पट्टीची उणीव भासत नाही. ओढ सहन करण्याची ताकद घटल्यामुळे जो दोर बोट बांधायला नालायक ठरतो, त्याची दाब झेलण्याची क्षमता बरीचशी शिल्लक असते आणि फेंडरला नेमकी तीच हवी असते.

भंगारातला प्रत्येक दोर मात्र घेण्याजोगा नसतो. पेड उलगडल्यावर आतून भुकटी झडली, तर तो तिथेच ठेवावा. पॉलिप्रॉपिलीनचा दोर हलका असतो व पाणी शोषत नाही, परंतु उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे तंतू हाताला बोचू लागतात. काथ्याचा दोर ओला राहून स्वतः कुजतो आणि लाकडालाही ओल लावतो. नायलॉन मऊ व लवचिक असतो. त्याचा दोष म्हणजे वजन. ३६ मिलिमीटर जाडीचा कोरडा दोरसुद्धा मीटरला सुमारे पाऊण किलो भरतो आणि भिजल्यावर आणखी जड होतो, त्यामुळे डिंगी एकट्याने उचलणाऱ्याने कमी जाडीचा दोर निवडावा.

दोर गोड्या पाण्यात, पाणी बदलत, पुरेसा भिजवणे मी अत्यावश्यक मानतो. पेडांत अडकलेली वाळू शेजारच्या बोटीच्या जेलकोटवर (फायबरच्या बोटीवरचा गुळगुळीत बाह्य थर) ओरखडे काढते, आणि दुसऱ्याची बोट जपणे हेही फेंडरचेच काम आहे.

खरा कस लागतो तो बांधणीत. पेडांमधून थेट स्क्रू मारणे झटपट होते, पण दोर दबून चपटा झाला की स्क्रूची डोकी वर येतात, म्हणून मला ही पद्धत पटत नाही. काठाला दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतरावर भोके पाडून पॉलिस्टरच्या बारीक दोरीने ओवणे अधिक भरवशाचे आहे. ही दोरी दोन पेडांमधल्या खाचेत बसवली म्हणजे ती घासली जात नाही. लाकडी काठाची भोके आधी मोठी पाडून इपॉक्सीने (घट्ट होणारे राळेसारखे रसायन) भरावीत आणि मग त्यातून हवी तेवढी बारीक भोके पाडावीत, अन्यथा पाणी लाकडात मुरते. सुरुवात नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, मध्यापासून करून दोर दोन्ही बाजूंना ताणत न्यावा. मागच्या टोकांचे पेड क्रमाने कापून ती निमुळती करावीत व सुतळीने घट्ट गुंडाळावीत.

नाळेवर सर्वाधिक घर्षण होते, तेवढ्या भागावर बाद झालेल्या अग्निशमन होजचे विणलेले कापड शिवले तर दोर अधिक टिकतो. ओवणी एकसलग न ठेवता तुकड्यातुकड्यांनी बांधावी, म्हणजे एखादी दोरी तुटली तरी उरलेला फेंडर जागचा हलत नाही आणि तेवढाच तुकडा नव्याने ओवता येतो.