गॅरेजमध्ये गाडीखाली काय अंथरावं? चार प्रकारच्या मॅट, टायरच्या कसोटीवर

दुकानात मॅट हाताने चाचपून घेतली जाते, आणि निवड तिथेच फसते. मॅटचा खरा गिऱ्हाईक टायर. नुसत्या उभ्या गाडीचं वजन मॅटला जड जात नाही. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर टायर जमिनीला दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलोच्या जोराने दाबतो, आणि तेवढं साधी मॅटही पेलते. ती फाटते किंवा गोळा होते ते गाडी जागेवरच उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर. तेव्हा चाक पुढे न जाता एकाच जागी मॅटला पीळ घालतं. त्यात टायर लांबून तापून आलेला असेल, वर पाणी किंवा ऑइल सांडलेलं असेल, तर कस आणखी लागतो.

फेल्टचं कार्पेट. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरचे धागे सुयांनी ठोकून केलेलं, खालून पाणी न झिरपणारा थर असलेलं. ऑइलचे चार-दोन थेंब पडले तर ते जागीच शोषले जातात, बुटाला लागून घरात येत नाहीत. खालचा थर कोब्याला चिकटून राहतो, त्यामुळे चाक पिळलं तरी सुरकुती क्वचितच पडते. साध्या कात्रीने कापता येतं आणि कडा उसवत नाही. गाडी बहुतेक कोरडी येत असेल तर चौघांत पहिली पसंती यालाच.

गाडी रोज भिजून येत असेल तर मात्र हेच कार्पेट नडतं. शोषलेलं पाणी रात्रभर गाडीच्या पोटाखाली राहतं, बंद गॅरेजात ते वर चढतं आणि गंजाला आमंत्रण मिळतं. दुसरी अडचण पेट्रोलची. गळकी टाकी किंवा कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीखाली शोषणारं काहीही नको, कारण पेट्रोल धाग्यांत मुरतं आणि वाफ निघत राहते. वेल्डिंग आणि ग्राइंडिंगच्या ठिणग्यांपासूनही ते लांबच बरं. आणि घरातलं जुनं कार्पेट गॅरेजात टाकण्याचा मोह आवरा: पाठीला ज्यूट असेल तर ओलीने कुजतं, आणि कुबट वास दाराबाहेरपर्यंत येतो.

पीव्हीसीचा रोल. २ ते २.५ मिमी जाड, वर नाण्यांची किंवा पन्हळीची नक्षी. पन्हळी घेतली तर ती गाडीच्या लांबीला समांतर ठेवा, म्हणजे पाणी उताराने दाराकडे वाहतं. आडवी टाकली तर प्रत्येक खाचेत डबकं. रोल आल्या आल्या अंथरून गाडी चढवू नका. एक दिवस ऊबदार जागी सपाट पसरून कडांवर वजन ठेवा, नाहीतर वळलेली कड पुढच्या चाकाखाली दुमडते.

पीव्हीसीची मोठी तक्रार म्हणजे टायरखाली पडणारे तपकिरी डाग. टायरचं रबर ओझोनने तडकू नये म्हणून त्यात घातलेली रसायनं मऊ पीव्हीसीत उतरतात आणि रंग धरतात. डाग वरचा मळ नसून आतला असतो, म्हणून साबणाने जात नाही. चिडून थिनर किंवा पेट्रोल लावलं तर पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्यच निघून जातं आणि ती जागा कडक होऊन तडकते. उपाय साधा आहे: काळा किंवा गडद करडा रंग घ्या. फिकट रंगाची हौस असेल तर चार चाकांखाली कडक पॉलिप्रॉपिलीनचे तुकडे ठेवा.

या चौघांबाहेरच्या रबरी मॅटबद्दल एवढंच की जुन्या टायरच्या भुग्याची मॅट ऑइलने फुगते, नायट्राइल रबर टिकतं. रंगवलेल्या फरशीवर काळं रबर डाग सोडतं.

जोडायच्या टाइल्स. पॉलिप्रॉपिलीनच्या कडक टाइल्सवर टायरचा डाग जवळजवळ बसत नाही आणि खराब झालेली एकच बदलता येते. हिशेब असा: ३ मीटर × ६ मीटर जागा, ४० सेंमी टाइल, म्हणजे रुंदीला साडेसात आणि लांबीला १५. अर्धी कापावी लागणार, तेव्हा ८ × १५ अशा १२० घ्या, वर पाच जादा. भिंतीपाशी ६ ते १० मिमी फट सोडा. उन्हात काळं प्लास्टिक प्रसरण पावतं, आणि फट नसेल तर मधली ओळ तंबूसारखी वर उठते. जाळीदार टाइलखालून पाणी वाहून जातं हे खरं, पण हातातून निसटलेला बोल्टही तिथेच जातो. चालताना खडखड होते, ती सवयीचा भाग. जॅक थेट टाइलवर नको. खाली १८ मिमी प्लायचा ४० सेंमी चौकोन ठेवा.

उंच कडेची ट्रे-मॅट. पाऊस किंवा बर्फ अंगावर घेऊन येणाऱ्या गाडीसाठी हीच, पण जाहिरातीतल्या लिटरवर भुलू नका. २.५ × ५ मीटरची मॅट, अडीच सेंमी उंच कड: सपाट जमिनीवर ३१२ लिटर मावतं. गॅरेजची जमीन सपाट कुठे असते? १०० ला १ उतार असला तर पाणी खालच्या टोकाला साचतं आणि ७८ लिटरला कड ओलांडतं. ५० ला १ असला तर अवघ्या ३९ लिटरला. घेण्याआधी पाच मीटर लांबीत जमीन किती सेंमी उतरते ते दोरी ताणून मोजा. चाक कडेवरून जाताना कड पूर्ण दबून परत उभी राहिली पाहिजे. आत फोम असलेली राहते.

कोणतीही मॅट टाकण्याआधी कोब्याची ओल तपासा. ४५ सेंमी चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून १६ तास ठेवा. काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलं तर जमिनीतून ओल वर येते आहे. तिथे सलग रोल टाकला तर खाली पांढरे क्षार आणि बुरशी धरणार, म्हणून जाळीदार टाइलच घ्या. कोबा नवा असेल तर निदान २८ दिवस थांबा, आणि त्यानंतरही ही चाचणी करा.

माप घेताना गाडीच्या रुंदीत दोन्ही बाजूंना ६० सेंमी धरा, उघडलेल्या दारातून पाय मॅटवरच पडला पाहिजे. अंथरण्याआधी जमीन नीट झाडा, खाली राहिलेली वाळू मॅटला खालून घासत राहते. दाराकडची कड शटरच्या आत दोन-तीन सेंमीवर संपवा. शटरचं रबर मॅटवर टेकलं तर मॅटच्या जाडीमुळे दोन्ही टोकांना फट उरते, आणि वाऱ्याबरोबर पावसाचं पाणी तिथूनच आत येतं.