कॉलेज रोडचा एनएसए कोर्स: शिकवणं एक नंबर, नोट्स भंगार

नाशिकला कॉलेज रोडच्या एका क्लासने रविवारची छोटी बॅच काढलीय, विषय फक्त एकच, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणजे एनएसए नक्की करतो काय. फी अडीच हजार. एवढ्याशा विषयाला अडीच हजार कशाला असं घरी सगळ्यांनीच विचारलं, पण सरांच्या शिकवण्यासाठी पैसे वसूल आहेत, बाकी व्यवस्थेबद्दल खाली लिहितोच. मी सातपूरला कंपनीत आहे, परीक्षा वगैरे काही द्यायची नाहीये, निव्वळ आवड म्हणून गेलो. वर्गात बहुतेक पोरं-पोरी राज्यसेवा आणि यूपीएससीवाली, निफाड, सिन्नर, मालेगावकडून येणारी, आणि दोन-तीन आमच्यासारखे हौशी.

सर देवळालीच्या आर्टिलरीतून रिटायर झालेले. त्यामुळे मला वाटलं होतं युद्धाच्या गोष्टी सांगतील, छाती फुगवतील, पण माणूस अजिबात तसा नाही. पहिल्याच तासाला फळ्यावर १९४७ लिहिलं आणि आमचं १९४७ नाही, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष ट्रुमनचं, असं म्हणाले. त्या वर्षीच्या नॅशनल सिक्युरिटी अ‍ॅक्टने सुरक्षा परिषद आणली, सीआयए आणली, पण एनएसए हे पद त्या कायद्यात नव्हतंच. ते १९५३ ला पुढच्या राष्ट्राध्यक्षाने, आयझेनहॉवरने तयार केलं, पहिला माणूस रॉबर्ट कटलर. आणि मंत्र्यांना जशी सिनेटची मंजुरी लागते तशी याला लागत नाही, राष्ट्राध्यक्षाने नेमला की नेमला, काढला की काढला. हा एक मुद्दा सरांनी शेवटपर्यंत सोडला नाही, प्रत्येक उदाहरण फिरवून फिरवून तिथेच आणायचे, की या माणसाची सगळी ताकद म्हणजे राष्ट्राध्यक्षाचा कान, बाकी हातात ना खातं ना सैन्य ना मतदार.

त्याचं खरं काम त्यांनी जे समजावलं ते मला फार आवडलं. परराष्ट्र खातं एक म्हणतं, संरक्षण खातं दुसरं, गुप्तचरवाले तिसरंच, तर या सगळ्यांचं म्हणणं कुणाचंही न कापता राष्ट्राध्यक्षासमोर ठेवायचं, निर्णय झाला की तो खाली नीट राबवला जातोय का बघायचं, याला तिकडे ऑनेस्ट ब्रोकर म्हणतात. सर म्हणाले, वसंत व्याख्यानमालेत सूत्रसंचालक असतो ना, चांगला असला तर तुम्हाला त्याचं नावही आठवत नाही, वाईट असला तर वक्त्याच्या आधी स्वतःच अर्धा तास बोलतो. वर्गात हशा, कारण गोदाघाटावर बसून असला सूत्रसंचालक सहन न केलेला नाशिककर शोधूनही सापडणार नाही.

मग चांगला कोण, तर ब्रेंट स्कोक्रॉफ्ट. दोनदा या पदावर होता, आधी फोर्डकडे आणि मग १९८९ ते ९३ थोरल्या बुशकडे. मंत्र्यांची एक समिती, त्यांच्या खालच्या उपमंत्र्यांची एक समिती, वाद आधी खाली मिटवायचे, जे मिटत नाहीत तेवढेच वर न्यायचे, ही पद्धत त्याने जी बसवली ती नंतर पक्ष बदलले तरी बऱ्यापैकी तशीच राहिली. गंमत म्हणजे त्याच्या आधी रेगनच्या काळात याच ऑफिसने जो घोळ घातला, इराणला चोरून शस्त्रं विकली आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या कॉन्ट्रा बंडखोरांना वळवला, त्याची चौकशी करणाऱ्या टॉवर आयोगात हाच स्कोक्रॉफ्ट होता. १९८७ चा तो रिपोर्ट. सल्ला देणाऱ्या ऑफिसने स्वतःच मोहिमा चालवायला घेतल्या की काय होतं ते आधी त्याने तपासलं आणि दोन वर्षांनी स्वतः त्या खुर्चीत बसला. रेगनने आठ वर्षांत सहा एनएसए वापरले हेही मला इथेच कळलं, आपण ट्रम्पच्या पहिल्या टर्ममधल्या चौघांनाच हसत होतो.

राष्ट्राध्यक्ष निक्सनचा एनएसए हेन्री किसिंजर, त्याच्यावर एक अख्खा रविवार गेला आणि तो कोर्सचा सगळ्यात भारी दिवस. जुलै १९७१, किसिंजर आधी दिल्लीत इंदिराजींना भेटतो, बांगलादेशचे लाखो निर्वासित आपल्याकडे येतायत, मग पाकिस्तानात जातो, पोट बिघडलंय म्हणून डोंगरावर आराम करतोय असं जाहीर होतं आणि हा पठ्ठ्या पाकिस्तानी विमानाने थेट बीजिंगला. तेव्हा तो परराष्ट्रमंत्री नव्हताच, नुसता सल्लागार, खरा परराष्ट्रमंत्री रॉजर्स, त्या बिचाऱ्याला सगळं ठरेपर्यंत बाहेरच ठेवलेलं. महिन्याभरात ९ ऑगस्टला आपला सोव्हिएतांशी करार झाला, त्यामागे अमेरिका-चीन जवळ येतायत हे दाखवणारी ही बीजिंगवारीही होती हे सरांनी तारखा शेजारी शेजारी लिहून दाखवलं. पुढे १९७३ मध्ये किसिंजर परराष्ट्रमंत्री झाला तरी १९७५ पर्यंत सल्लागारपद सोडलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की सर मग स्वतःच्या खात्याचं म्हणणं आणि बाकीच्यांचं म्हणणं हा सारख्याच मापाने कसा मांडणार, तर सर नुसते हसले आणि म्हणाले, हेच पेपरात लिहा.

आता तक्रारी. पहिली म्हणजे नोट्स. अडीच हजार घेता आणि झेरॉक्सची झेरॉक्स देता, अर्धी पानं तिरकी, आणि त्यात आजचा एनएसए म्हणून अजून जेक सलिव्हन. अहो तो जानेवारी २०२५ लाच गेला, त्यानंतर माइक वॉल्ट्झ आला, मार्चमध्ये ते सिग्नल अ‍ॅपच्या ग्रुपवर चुकून पत्रकाराला अ‍ॅड करण्याचं प्रकरण झालं, मे मध्ये वॉल्ट्झ गेला आणि ट्रम्पने ते काम परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओकडेच दिलं, किसिंजरनंतर असं पहिल्यांदाच झालं. सरांनी हे सगळं तोंडी नीट सांगितलं, पण जी पोरं नोट्स पाठ करून परीक्षेला जाणार त्यांचं काय. ऑफिसमध्ये सांगितलं तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या पुढच्या बॅचला बदलू. म्हणजे आमच्या बॅचने काय घोडं मारलंय?

पार्किंगचं बोलायलाच नको, कॉलेज रोड माहितीय सगळ्यांना, सिटीलिंक बसने या. माइक अधूनमधून बंद पडतो पण सरांचा आवाज परेड ग्राउंडवर तयार झालेला, अडत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्लासच्या बाकी बॅचच्या जाहिराती इतक्या येतात की मी म्यूट करून टाकला.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या कुठल्या क्लासमध्ये बघितली नाही, ती म्हणजे बैठक. ऑक्टोबर १९६२, क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडलीत, वर्गातल्या पोरांना एकेक भूमिका वाटून दिल्या, कुणी केनेडी, कुणी संरक्षणमंत्री मॅकनमारा, कुणी सेनाप्रमुख, आणि मालेगावचा एक शांत मुलगा एनएसए मॅकजॉर्ज बंडी. सुरुवातच अशी की १५ तारखेच्या रात्री बंडीला फोटोंची बातमी कळलीय, केनेडी प्रवासाने दमलाय, आत्ता उठवायचं का सकाळी सांगायचं? पोराने लगेच उठवलं. खऱ्या बंडीने झोपू दिलं होतं, कारण पुढचे दिवस झोप मिळणार नव्हती आणि रात्री गडबड उडाली असती तर बातमी फुटली असती. यावर इतका वाद झाला की हल्ला का नाकेबंदी हा मुख्य प्रश्न शेवटच्या वीस मिनिटांत उरकावा लागला, सेनाप्रमुख झालेल्या पोराने टेबल आपटलं, केनेडी गोंधळला आणि बंडीला कुणी बोलूच देईना. सर मध्ये पडले नाहीत. नंतर फक्त एवढंच विचारलं की ज्याचं मत वेगळं होतं त्याला बोलायला लावायचं काम कुणाचं होतं.

आणि मग त्यांनी नाशिकचा विषय काढला. त्याच ऑक्टोबरमध्ये, २० तारखेला, चीनने आपल्यावर हल्ला केला, कृष्ण मेनन गेले, यशवंतराव संरक्षणमंत्री झाले आणि पोटनिवडणुकीत नाशिकनेच त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं. सरांचं म्हणणं, मंत्र्याला असं लोकांमधून यावं लागतं, संसदेत उभं राहून उत्तर द्यावं लागतं, सल्लागाराला यातलं काहीच नाही, म्हणून त्याने सल्लागारच राहावं. मला पटलं. पण हे ऐकून वाटलं की आता भारताच्या एनएसएवर जोरदार काहीतरी ऐकायला मिळणार, तर तो भाग अक्षरशः गुंडाळला. १९९८ ला ब्रजेश मिश्रा पहिले, ते वाजपेयींचे प्रधान सचिवही होते, कारगिल समितीने पूर्णवेळ वेगळा माणूस द्या म्हणून सुचवलं, मग दीक्षित, नारायणन, शिवशंकर मेनन, २०१४ पासून डोवाल आणि २०१९ ला त्यांना कॅबिनेट दर्जा, बस, चहा. कॅबिनेट दर्जा मिळाला तरी संसदेला उत्तर मंत्रीच देणार, मग वर जे यशवंतरावांबद्दल बोललो त्याचं काय, हा प्रश्न मी विचारला तेव्हा पुढची बॅच दारात उभी होती.

मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी डोळे झाकून घ्या. फक्त पूर्वपरीक्षा देणार असाल तर एवढे पैसे घालू नका, सावानात म्हणजे सार्वजनिक वाचनालयात बसून वाचलं तरी भागेल. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणतात, अ‍ॅडमिशनच्या आधी नवीन नोट्स हातात घेऊन बघा आणि भारताच्या भागाला पूर्ण रविवार दिलाय का ते विचारून घ्या.