२०० मिमी न्यूटोनियनवर क्वेसार: आठ महिन्यांचा वापर आणि सरकणारा फोकसर

क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचा तेजस्वी गाभा, दुर्बिणीत ताऱ्यासारखा ठिपका. संच नेहमीचाच आहे: एफ/५ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण, नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट), कडेचे तारे नीट करणारा कोमा करेक्टर, ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कूलिंगवाला मोनो (कृष्णधवल) कॅमेरा. एका पिक्सेलला ०.७८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). आरसा उत्तम, माउंट (दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणारा आधार) पुरेसा. फोकसर (कॅमेरा आतबाहेर सरकवून फोकस साधणारा भाग) मात्र अख्खी रात्र वाया घालवतो.

कन्या राशीतल्या ३सी २७३ वरून दुर्बीण जोखू नका. सुमारे १२.९ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद) हा क्वेसार ३० सेकंदांच्या एकाच फ्रेममध्ये येतो, फोकस थोडा हललेला असला तरी. कस लागतो सप्तर्षीतल्या जुळ्या क्वेसारवर, क्यू०९५७+५६१ वर. एनजीसी ३०७९ या दीर्घिकेपासून पाव अंशावर साधारण १७व्या प्रतीचे दोन ठिपके, मधलं अंतर ६ विकला, म्हणजे जेमतेम ८ पिक्सेल. ताऱ्यांची रुंदी ३ विकलांच्या आत राहिली तर ते सुटे दिसतात. पाचपर्यंत गेली की एक लांबट डाग उरतो आणि तासाभराचं एक्सपोजर फुकट जातं.

पहिले तीन महिने माझं मत होतं की दोष माउंटचा. ते चूक होतं. गाइडिंगचा (दुसऱ्या छोट्या दुर्बिणीतून एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारण्याचा) आलेख ०.७ विकलांवर स्थिर होता, तरी तारे लांबट येत होते. डिदरिंग (दोन फ्रेमच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम किंचित हलवणं) बंद करून ६० सेकंदांच्या वीस फ्रेम लागोपाठ पाहिल्या, तर सगळे तारे एकाच दिशेने सरकत होते. गाइड दुर्बीण वेगळी असल्यामुळे फोकसरचं झुकणं तिला कळतच नव्हतं. मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातून तारा पाहणारा ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर लावल्यावर तारे गोल झाले. माउंट बदलण्याचा खर्च वाचला.

पण घसरण उरतेच. हा क्रेफर्ड प्रकारचा फोकसर केवळ घर्षणावर चालतो. न्यूटोनियनमध्ये तो नळीच्या कुशीला असतो, त्यामुळे कॅमेरा, फिल्टर व्हील आणि करेक्टर यांचं दीड किलो वजन रात्रभर दिशा बदलत त्याला ओढतं. लॉक स्क्रू आवळला तर ड्रॉट्यूब (फोकसरची सरकती नळी) तिरकी होते आणि फ्रेमचा एक कोपरा बिघडतो. उपाय असा: ड्रॉट्यूबची सपाट पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तिथे ग्रीस अजिबात नको. मग टेन्शन स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेरा आवळा. लॉक स्क्रूला हात लावू नका. इतकं साधं काम कारखान्यातच व्हायला हवं होतं.

तापमानाचंही गणित मांडा. एफ/५ ला फोकसची सूट दोन्ही बाजूंना साधारण ३० मायक्रॉन. पोलादी नळी मीटरमागे दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन आकसते. तापमान अडीच अंशांनी उतरलं की पुन्हा फोकस करणं भाग आहे.

प्रकाशप्रदूषणासाठी नॅरोबँड (रंगाचा अगदी अरुंद पट्टाच जाऊ देणारा) फिल्टर घेऊ नका. क्वेसारचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यातला बहुतेक हा फिल्टर अडवतो. साधे लाल आणि निळे फिल्टर कितीतरी उपयोगी आहेत. लिंक्स तारकासमूहातल्या एपीएम ०८२७९+५२५५ या क्वेसारची ताम्रसृती (प्रकाश लालकडे सरकण्याचं माप) ३.९१, म्हणजे त्याचा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षं प्रवास करून येतो. वाटेतला हायड्रोजन वायू त्यातला निळा भाग शोषतो. १२० सेकंदांच्या तीसेक फ्रेम दोन्ही फिल्टरमधून घ्या आणि शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहा. लाल फ्रेममध्ये ठळक असलेला ठिपका निळ्या फ्रेममध्ये मंद पडला, तर मधोमध आलेला तो क्वेसारच आहे.